वानरांच्या वाटेवरची भागाकाकू

माझ्या घरात कुरडई तळली की मी भागाकाकूची गोष्ट सांगायला लागतो, आणि मी सांगायला लागलो की मुलं आपापली कुरडई उचलून दुसऱ्या खोलीत निघून जातात. बायको तेवढी बसते. तिला बसावंच लागतं, कढई तिच्यासमोर असते. ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून आता लिहून काढतो आहे. कागद उठून जात नाही, एवढं बरं आहे.

तरुणपणी मी वाशीमला स्टेशनवर मालबाबू होतो. गाव राहिलं आत, वेशीच्या पलीकडे. आम्ही स्टेशनचे आणि कापसाच्या जिनिंगचे लोक बाहेरच्या माळावर राहत होतो. तिला सगळे नवी वस्ती म्हणत. पाचपंचवीस घरं, मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, मध्ये एक धुळीचा रस्ता. त्या माळावर आधी पळस होते, बोरी होत्या, आणि मोठमोठी कडुलिंबाची झाडं होती. घरं बांधताना लोकांनी पळस-बोरी तोडल्या आणि सावलीसाठी लिंबं ठेवली. तळ्याकाठच्या चिंचांवर झोपणारी वानरं रोज सकाळी याच माळावरून जिनापलीकडच्या शेतात जात असत. मध्ये आम्ही घरं बांधली. वानरांनी वाट बदलली नाही. फक्त ती थोडी उंच केली, आमच्या कवेलूंवरून.

वस्तीत आम्ही नवे होतो आणि जनावरं जुनी, पण आमच्यापेक्षा तीच लवकर रुळली. मालधक्क्याच्या फळ्यांखाली एक मुंगसीण दरवर्षी पिलं काढी. डोक्यावरून कापसाच्या गठाणी गडगडत गेल्या तरी तिच्या पिलांची झोप मोडत नसे. वर टेबलाशी बसलेल्या माझी मोडे. बोरी गेल्या तसे कोल्हे जिनाच्या सरकीच्या ढिगाशी उंदरांवर लक्ष ठेवू लागले. आणि वानरं तर सगळ्यांच्या पुढे. शनिवार कोणता, हे आमच्या वस्तीत मारुतीच्या पुजाऱ्याआधी वानरांना कळे. फुटाणे वाटायच्या आत पारावर त्यांची पंगत बसलेली असे.

भागाकाकूचं घर आमच्या समोर, रस्त्यापलीकडे. घरावर वाकलेलं लिंबाचं झाड हे शेताकडे जाण्याआधी वानरांचं दुपारपर्यंतचं मुख्य ठाणं, आणि तिचं छप्पर ही पहिली पायरी. तिचा नवरा जिनात फिटर होता. त्याने स्वतः खपून हे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि दोन पावसाळे राहून तो वारला. मूलबाळ नव्हतं. काकू तेव्हा पन्नाशीला आली असेल. ठेंगणी, काळी, लुगडं गुडघ्याखाली जरासंच, आणि तोंड सदा चालू. ती माणसांशी बोलेच, पण चुलीशी, घागरीशी, वाळत घातलेल्या लुगड्याशीही बोले. सकाळी तिच्या अंगणातून आवाज आला नाही तर माझी बायको यमुना म्हणे, "जाऊन या बरं, काकूले ताप तं नाही आला."

उन्हाळाभर ती वस्तीतल्या घरांना कुरडया, शेवया, पापड करून देई. तिचं पोट त्यावर होतं. गव्हाचा चीक ती असा घोटी की कुरडई तळल्यावर ताटात मावत नसे. आणि कुरडई वाळायला ऊन लागतं, मोकळं अंगण लागतं. हे काकूला जसं ठाऊक होतं तसंच वानरांनाही.

जनावरांबद्दल तिची मतं ठाम होती. "कोल्हा बरा," ती म्हणे. "येते, जाते, कोणाले सांगत नाही. मुंगूस तं घरचंच. वांदराचं तसं नाही, बाबू. ते पाहुण्यावानी येते, बसते, अन् मंग आपल्यालेच म्हणते, उठा." मोठ्या हुप्प्याचं नाव तिने ठाणेदार ठेवलं होतं. तो स्वतः कधी घाईने काही उचलत नसे. लिंबाच्या फांदीवर शेपूट खाली सोडून बसे आणि बाकीच्यांना कामाला लावी. "वांदराले आपल्यापरीस अक्कल जास्त नाही," काकू म्हणे, "फुरसत जास्त आहे." हे वाक्य मी पुढे अनेक साहेबांच्या बाबतीत मनात वापरलं.

एका पावसाळ्यात वानरांनी काकूच्या छपराची पार दशा केली. कवेलू सरकले, फुटले, पाणी आत आलं आणि मागची भिंत एका अंगाला बसली. ही बातमी रिठद गावी तिच्या धाकट्या दिराच्या कानी गेली. नामदेवराव म्हणजे भला माणूस, शेतीभाती बाळगून असलेला, आणि भले लोक करतात तसं दुसऱ्याचं भलं ठरवून टाकणारा. तो आला, भिंत पाहिली, आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "वयनी, आता पुरे झालं. इकून टाका हे. रिठदले चला. घरात काय कमी आहे?"

"तुमच्या घरात काही कमी नाही, भावजी," काकू म्हणाली. "म्हणूनच तं म्हणतो. तिथं माहं काय काम?"

"लोक मले म्हणतात, भावजयीले वांदरायच्या भरोशावर टाकलं."

"वांदरायचं अन् माहं चालू आहे. लोकायले सांगा, निकाल लागाचा आहे."

बराच वेळ रदबदली झाली. शेवटी नामदेवरावाने तोड काढली. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तो बैलांची दमणी घेऊन येईल. तोपर्यंत घर दुरुस्त होऊन छप्पर धड दिसलं तर त्याने तोंड उघडायचं नाही. एक जरी कवेलू फुटका दिसला तर काकूने मुकाट्याने दमणीत बसायचं. काकू हो म्हणाली. आमच्याकडे आखजीला सालगड्याचं साल संपतं, नवं ठरतं. तसं काकूचंही ठरलं. एवढंच की तिचा करार वानरांना कुणी सांगितला नव्हता.

दिवाळीनंतर तिने भिंत लिंपली, नवे कवेलू चढवले. स्वतः शिडीवर चढली, आणि खालून कवेलू द्यायला मी होतो. त्यातले काही माझ्याच हातून फुटले. "वांदरं परवडले, बाबू," ती वरून म्हणाली.

उन्हाळा लागला, कुरडया सुरू झाल्या. आता पेच असा: कुरडया घातल्या की वानरं उतरणार, ती छपरावरूनच उतरणार, आणि छप्पर जाणार. कुरडया घातल्या नाहीत तर छप्पर राहील, पण खायचं काय? वस्तीतल्या पुरुषमंडळींनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. धोंडे मारावे, मिरच्यांचा धूर करावा, फटाके लावावे, असं बरंच ठरत होतं. पारावरच्या पिंपळात वानरं बसून ऐकत होती. काकू बाजूला बसलेल्या बायकांतून उठून म्हणाली, "शनवारी तुमीच त्यायले जेवाले बोलावता, अन् आयतवारी म्हणता, आले काहून? पह्यले एक काय ते ठरवा." कुणाला ठरवता येईना. फुटाणे बंद करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. मारुतीसमोर तर नाहीच. बैठक मोडली.

मग बुजगावणं झालं. त्यासाठी माझा जुना कोट आणि टोपी गेली. काकूने पेंढा भरून पुतळा छान केला. पोट जरा पुढे आलं होतं, म्हणून सगळी वस्ती म्हणाली की हुबेहूब बाबू. पहिल्या दिवशी वानरं लांबून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी एक पोरगेलं वानर येऊन टोपी घेऊन गेलं. तिसऱ्या दिवशी एक लेकुरवाळी वानरीण पुतळ्याच्या खांद्याला टेकून पिलाला पाजत बसली होती. यमुना म्हणाली, "पहा, तुमच्याजवळ किती निवांत वाटते तिले."

काकूने शांतपणे पुतळा मोडला. "चूक माही झाली," ती म्हणाली. "एक तं पुतळा हालत नाही. दुसरं म्हंजे कोट बाबूचा. बाबूले तं ते खऱ्यातही भेत नाहीत." मग पुढचे काही दिवस तिने कुरडया घातल्याच नाहीत. नुसती ओट्यावर बसून पाहत राहिली. ती काय पाहते हे विचारलं तर म्हणे, "ते आपल्यावर इतके वर्स नजर ठेवून राह्यले. आता जरा माही पाळी."

तिने दोन गोष्टी हेरल्या. एक, जिनाचा दुपारचा भोंगा. कापसाचा हंगाम सरला तरी गावाच्या घड्याळासाठी तो रोज वाजे. भोंगा झाला की वस्तीतले पुरुष जेवायला येत आणि बायका वाढायला आत जात. अंगणं ओस पडत. वानरं लिंबावर भोंग्याचीच वाट पाहत बसत आणि तो थांबायच्या आत छपरावर असत. आपण ज्या भोंग्यावर जेवतो त्याच भोंग्यावर तीही जेवतात, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही जेवत होतो ना.

दुसरी गोष्ट जास्त कामाची होती. वानरं बायकांना भीत नव्हती. यमुना काठी घेऊन धावली तर ती दात दाखवत. पण स्टेशनचा एखादा हमाल, डोक्याला फेटा, अंगात खाकी, रस्त्याने नुसता चालत गेला तरी सगळं लटांबर वरच्या फांदीवर जाई.

दुसऱ्या दिवशी काकूने पेटी उघडली. फिटरकाकांचा खाकी कोट काढला, लाल फेटा काढला. लुगड्यावर कोट चढवला, फेटा बांधला, हातात काठी घेतली आणि कुरडयांच्या मधोमध बाज टाकून बसली. त्या काळी, आमच्या मुलखात, विधवा बाई नवऱ्याचा फेटा बांधून रस्त्याच्या तोंडाशी बसली. वस्तीत काय काय बोलणं झालं ते लिहीत नाही. आपापल्या वस्तीवरून समजून घ्यावं. काकूच्या कानी ते गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कोट कोणाचा? माह्या नवऱ्याचा. फेटा? त्याचाच. अन् घर? मंग राखणीले दुसऱ्या कोणाचे कपडे घालू?"

वानरं फसली. भोंगा झाला, ठाणेदाराने खाली पाहिलं, फेटा दिसला, आणि तो होता तिथेच बसून राहिला. अर्धी दुपार निभावली. तेवढ्यात यमुनेने ओट्यावरून विचारलं, "काकू, ताक देऊ का?" काकूने सवयीने तोंड उघडलं, "दे वो माय, घसा सुकला." ठाणेदाराने मान तिरपी केली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. रोज सकाळपासून ऐकत होता तो. पुढच्या क्षणी अख्खी टोळी अंगणात. दोन कवेलूही खाली आले.

काकूने त्याच संध्याकाळी ते दोन्ही कवेलू बदलले आणि निर्णय घेतला: आखजीपर्यंत भोंग्याच्या आधीपासून वानरं शेताकडे जाईस्तोवर तोंड उघडायचं नाही. उपास पुष्कळ लोक करतात. काकूने न बोलणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळावं. दुपारभर ती बाजेवर काठी टेकून बसे आणि तिचे ओठ आतल्या आत हलत राहत. वानरं गेली की तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडे. संध्याकाळी यमुना आमची भाजी तिच्याच ओट्यावर निवडायला नेई. आम्ही उशिरा जेवू लागलो.

असं करत आखजी उजाडली. आखजी म्हणजे पितरांचा दिवस. घागर भरायची, नैवेद्य दाखवायचा, त्या दिवशी गेलेलं माणूस घरी येऊन जेवून जातं. घरोघर पुरण शिजत होतं, त्यामुळे त्या दुपारी अंगणं नेहमीपेक्षाही ओस. वानरांची तर दिवाळीच. भोंगा झाला आणि लिंबावर पानांपेक्षा शेपट्या जास्त दिसू लागल्या. खाली बाजेवर फेटा आणि कोट, हलत नाही की बोलत नाही. मी आमच्या ओट्यावर हात पुसत उभा होतो. तेवढ्यात नामदेवरावाची दमणी वळणावर थांबली.

बैल सावलीला सोडून तो चालत आला. फाटकाशी आला आणि उभा राहिला. ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं. समोर, भावाने बांधलेल्या घराच्या अंगणात, भावाचा कोट, भावाचा लाल फेटा, हातात काठी. आणि दिवस आखजीचा.

त्याने वहाणा काढल्या. तापल्या धुळीत अनवाणी उभा राहून हात जोडले.

"दादा," तो म्हणाला. "तू आला?"

फेटा हलला नाही. मी हाक मारून सांगणार होतो, पण वर ठाणेदार मान तिरपी करून बसला होता. मी हाक मारली की काकू बोलणार; एक शब्द बाईच्या तोंडून गेला की छप्पर गेलं, आणि तेही ज्याने पाहायचं त्याच्याच डोळ्यांदेखत. काकूही हेच म्हणत असणार, आतल्या आत. मी तोंड मिटलं.

"सकाळी तुह्या नावानं घागर भरली म्या," नामदेवराव म्हणाला.  "वयनीले नेऊन राह्यलो म्हणून आला का? म्या तिचं वाईट नाही पाह्यलं, दादा. एकटी बाई, रानाच्या तोंडाशी. लोक मले बोलतात." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "तुहं घर आहे. तूच सांग. नेऊ का नको नेऊ?"

 मग फेटा हलला. सावकाश, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. नको.

नामदेवराव वाकला, जमिनीला हात लावायला. वाकल्यावर त्याची नजर काठी धरलेल्या हातावर गेली. मनगटावर हिरवं गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं. लग्नात तो हात त्याने पाहिला होता, आणि पुढे कित्येक वर्षं त्याच हाताचं वाढलेलं जेवला होता. तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूहळू उठला. लिंबाकडे पाहिलं, वानरं पाहिली. छपराकडे पाहिलं. पत्त्यांसारखे नीट लावलेले कवेलू, सगळे जागच्या जागी. शेवटी पांढऱ्याशुभ्र कुरडयांकडे पाहिलं.

"भावजी," ओठ न हलवता काकू पुटपुटली, इतकं हळू की मी फक्त अंदाजाने लिहितो आहे, "वर पाहू नका. अन् बोलू नका. ते आइकून राह्यले."

नामदेवरावाच्या डोक्यालाही फेटा होता. तो काही न बोलता आत आला आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघं तसेच बसून राहिले, वानरं कंटाळून शेताकडे निघेस्तोवर. शेवटचं शेपूट जिनाच्या भिंतीपलीकडे गेलं आणि काकूचं तोंड सुटलं. त्यात सगळं होतं: भिंत, कवेलू, भोंगा, बाबूचा कोट. नामदेवरावाने मध्येच विचारलं, "दादाचा नैवेद्य?"

"सकाळीच दाखवला. त्यायले सांगतलं, आज लौकर जेवून घ्या, दुपारी तुमचा कोट लागते."

नामदेवरावाने खाली मान घातली. हसला की काय, कळलं नाही. खांदे हलत होते खरे. जाताना त्याने घराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "घर धड आहे." दमणीत काकूऐवजी कुरडयांचे डबे गेले. पुढे दर आखजीला दमणी येई आणि डबे घेऊन जाई. रिठदला कुणी भावजयीचा विषय काढला तर तो म्हणे, "दादाले इचारलं व्हतं. दादा नको म्हणला." याहून जास्त तो कधी बोलला नाही. काकूला मी एकदा छेडलं, तर ती म्हणाली, "इचारलं त्यायनं दादाले. मधात मी कोण बोलणारी?"

माझी बदली झाली तेव्हाही उन्हाळाच होता, कुरडयांचे आणि काकूच्या दुपारच्या मौनाचे दिवस. गाडी दुपारची. आदल्या संध्याकाळी काकू आमच्याकडे येऊन बसली. "उद्या मले बोलता येनार नाही," ती म्हणाली, "म्हणून आजच बोलून घेतो." आणि खरंच, तिने काही शिल्लक ठेवलं असेल असं आम्हाला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर सामान टाकून आम्ही निघालो. भोंगा नुकताच झाला होता. काकू बाजेवर होती, कोटात, फेट्यात. कोट आता कोपरांवर विरला होता. वर लिंबावर ठाणेदार, तोही जरा म्हातारा झालेला. यमुना आमच्या पोरीला कडेवर घेऊन फाटकाशी थांबली. काकूने काठीवरची बोटं तेवढी उचलली आणि पुन्हा मिटली. यमुनेने पदर डोळ्यांना लावला आणि पुढे चालू लागली. आम्ही वळणापर्यंत पोचलो.

"यमुने."

हाक इतकी मोठी होती की हातगाडीवाल्याने गाडी सोडून दिली. मी मागे वळून पाहिलं. काकू बाजेवर उभी होती, फेटा सुटून खांद्यावर आलेला. लिंबावर ठाणेदाराने मान तिरपी केली.

"तिकडं गेल्यावर," काकू ओरडत होती, "पह्यले तिथचं जनावर कोणत्या टायमले येते ते पाहून ठेव. वांदर नसलं तं दुसरं काही असनच. लगेच वाळवण टाकजो नोको. अन् बाबूले राखणीले बसवू नोको, त्याले कोणीच भेत नाही. अन् पोट्टीच्या अंगात घामोळं आलं तं..."

वानरं लिंबावरून छपरावर आली, छपरावरून अंगणात. कवेलू पडल्याचा आवाज वळणापर्यंत आला. काकूने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या पाठीमागे ठाणेदार बाजेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला, एक ओली कुरडई उचलली आणि फुरसतीने खाऊ लागला. काकूचं बोलणं अजून संपलं नव्हतं.